दोन्हींवर 'रायझन 5' लिहिलंय, मग बारा हजारांचा फरक कशाचा?

प्रश्न : माझी मुलगी यंदा इथल्याच अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्यासाठी लॅपटॉप बघायला सांगलीला गेलो होतो. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन लॅपटॉप दाखवले. दोन्हींवर रायझन 5, 8 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, 15.6 इंच स्क्रीन असंच लिहिलेलं. भावात मात्र बारा हजारांचा फरक. का म्हणून विचारलं तर "हे मॉडेल वेगळं आहे" एवढंच उत्तर मिळालं. पूर्वी मी घरचा डेस्कटॉप हवे ते पार्ट टाकून असेंबल करून घेतला होता. लॅपटॉप तसा बांधून मिळत नाही का? आणि 8 जीबी घेऊन पुढे वाढवावी, की आत्ताच 16 घ्यावी? दोन्ही मॉडेलची पत्रकं सोबत जोडली आहेत.
– एक वाचक, आष्टा

उत्तर : पत्रकं जोडलीत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यांच्यातच आहेत. फक्त ती बारीक अक्षरात आहेत. डब्यावर मोठ्या अक्षरात 'रायझन 5' आहे. आतल्या पत्रकात मात्र एकावर 'रायझन 5 7520यू' आणि दुसऱ्यावर 'रायझन 5 7530यू' असं छापलंय. आष्ट्याच्या चौकात उभं राहून नुसती 'पाटील' अशी हाक मारली, तर दहाजण वळून बघतील. आपल्याला हवा तो माणूस सापडायला त्याचं आणि वडिलांचं नाव घ्यावं लागतं. 'रायझन 5' हे असंच नुसतं आडनाव आहे. खरी ओळख पुढच्या चार आकड्यांत आहे.

ते आकडे कसे वाचायचे ते बघू. एएमडी कंपनीच्या या मालिकेत पहिला आकडा विक्रीच्या वर्षाचा असतो. 7 म्हणजे 2023. दुसरा आकडा दर्जा सांगतो. तिसरा आकडा, ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, तो चिपचा मूळ आराखडा कुठल्या पिढीचा आहे हे सांगतो. तुमच्या पहिल्या लॅपटॉपवर तिथे 2 आहे, म्हणजे 'झेन 2' हा 2019 मध्ये आलेला आराखडा. दुसऱ्यावर 3 आहे, म्हणजे 2020 चा 'झेन 3'. एका वर्षाचाच तर फरक, असं वाटेल. पण 7520यू मध्ये चार कोअर आहेत आणि 7530यू मध्ये सहा. ग्राफिक्सचे भाग पहिल्यात दोन, दुसऱ्यात सात. एकाच वेळी बरीच कामं उघडी ठेवली की हा फरक लगेच जाणवतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. 7520यू ही चिप एलपीडीडीआर5 या एकाच जातीच्या मेमरीवर चालते, आणि ही मेमरी लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते, म्हणजे सोल्डर केलेली. तिला खाचही नाही आणि सुटी पट्टीही नाही. त्यामुळे या चिपचा 8 जीबीचा लॅपटॉप घेतला, तर तो शेवटपर्यंत 8 जीबीचाच राहणार. "आत्ता घ्या, पुढे वाढवू" हा सल्ला त्याला लागूच पडत नाही. 7530यू च्या अनेक मॉडेलांत डीडीआर4 ची सुटी पट्टी आणि तिच्यासाठी खाच असते. पण तीही सगळ्यांत नसते, म्हणून खात्री करून घ्यायची. ती कशी करायची ते पुढे सांगतो.

दुकानदाराने फसवलं असं मात्र मनात आणू नका. 7520यू ही वाईट चिप नाही. ती वीज कमी खाते, बॅटरी बराच वेळ पुरवते आणि दुकानाचा हिशेब, पत्रव्यवहार, व्हिडिओ पाहणं यासाठी पुरेशी आहे. प्रश्न आहे तो चार वर्षं अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीचा.

इंटेलच्या चिपांनाही हाच नियम लावा. आय5-1235यू आणि आय5-12450एच या दोन्ही बाराव्याच पिढीच्या चिपा, पण शेवटी 'यू' असलेली कमी विजेत चालणारी, आणि 'एच' असलेली जास्त वीज घेऊन जास्त दम धरणारी. 2023 च्या अखेरीपासून इंटेलने नव्या चिपांच्या नावातला 'आय' काढून 'कोअर 5' आणि 'कोअर अल्ट्रा 5' अशी नावं आणली. ही दोन वेगळी घराणी आहेत, एक समजू नयेत. आणि 'आय7 हा आय5 पेक्षा केव्हाही सरस' हा समज तर सोडूनच द्या. अकराव्या पिढीच्या आय7-1165जी7 मध्ये चार कोअर आहेत, वर सांगितलेल्या आय5-12450एच मध्ये आठ.

आता असेंबल करण्याचं. तुमचा डेस्कटॉप बांधता आला, कारण त्याच्या भागांची मापं जगभर ठरलेली होती. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप आणलं. मदरबोर्डाची भोकं कुठे, पॉवर सप्लाय केवढा, हे सगळं त्यात ठरलं. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड आणला आणि कॅबिनेट सांगलीत घेतलं, तरी एकमेकांत चपखल बसायचं. लॅपटॉपला असं सर्वमान्य माप नाही. जागा इतकी कमी, की प्रत्येक कंपनी प्रत्येक मॉडेलसाठी बोर्ड, पंखा आणि बॅटरी वेगळ्या आकाराची कापते. प्रोसेसर बोर्डावरच सोल्डर केलेला असतो. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क कंपनीने 2021 पासून सुटे भाग बदलता येणारे लॅपटॉप काढलेत, पण तो अपवाद.

तरीही लॅपटॉप थोडाफार आपल्या मनाप्रमाणे करून घेता येतो. त्याचे दोन रस्ते आहेत. काही कंपन्या आपल्या संकेतस्थळावर मोजक्या मॉडेलांना रॅम, एसएसडी, स्क्रीन निवडू देतात आणि तसा बनवून घरी पाठवतात. यात वेळ जास्त लागतो, आणि असा खास बनवून घेतलेला लॅपटॉप परत करता येईलच असं नाही. त्याच्या अटी आधी वाचा. दुसरा रस्ता आपल्याकडे जास्त चालतो. तयार मॉडेल घ्यायचं आणि त्यात विक्रेत्याकडून रॅमची पट्टी किंवा मोठी एसएसडी टाकून घ्यायची.

यातून माझा सल्ला एकच निघतो. जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आज पैसे घाला. जे बदलता येतं, ते लागेल तेव्हा बदला. प्रोसेसर, ग्राफिक्स, कीबोर्डची ठेवण, पोर्ट, बॅटरीसाठी ठेवलेली जागा आणि सोल्डर केलेली रॅम पहिल्या गटात येतात. स्क्रीनही त्याच गटात धरा, कारण ती बदलता येते पण खर्च आणि कटकट फार. दुसऱ्या गटात एसएसडी आणि खाचेतली रॅम, एवढंच उरतं. पुष्कळ लोक नेमकं उलटं करतात. 1 टीबी एसएसडीच्या मोहापायी फिकी स्क्रीन आणि सोल्डर केलेली 8 जीबी रॅम गळ्यात बांधून घेतात.

रॅमला खाच आहे की नाही, हे दुकानातच तपासता येतं. सुरू असलेल्या डेमो लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स', आणि तिथे 'मेमरी' निवडा. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात दोन ओळी शोधा. 'स्लॉट्स यूज्ड' समोर किती जागांपैकी किती भरल्यात ते दिसतं. पण नुसत्या या ओळीवर विसंबू नका, कारण सोल्डर केलेल्या चिपाही तिथे 'स्लॉट' म्हणून मोजल्या जातात. तिच्याखालची 'फॉर्म फॅक्टर' ही ओळ नीट वाचा. तिथे 'एसओडीआयएमएम' असेल तर सुटी पट्टी आहे. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे. काही मॉडेलांत थोडी रॅम सोल्डर केलेली आणि शिवाय एक मोकळी खाच, असं दोन्ही असतं. त्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघा. डेल, एचपी, लेनोव्हो यांची मॅन्युअलं सगळ्यांना मोफत उघडता येतात, आणि मागचं झाकण काढल्यावर काय कुठे आहे याची चित्रं त्यात असतात.

8 की 16, याचं उत्तर 16. विंडोज 11 ची किमान अट 4 जीबीची आहे, पण त्या अटीचा अर्थ 'चालू होईल' एवढाच. विंडोज आणि ब्राउझरची काही पानं मिळूनच 8 पैकी अर्ध्याहून अधिक जागा घेतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की ग्राफिक्सही याच रॅममधून वाटा उचलतं. त्यावर प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर, ऑनलाइन तास आणि आभासी मशीन उघडलं की रॅम संपते. मग संगणक एसएसडीवर सामान ठेव-काढ करत बसतो आणि आपण म्हणतो 'हँग झाला'. प्रोसेसर बदलून हे दुखणं जात नाही. खाचा दोन असतील तर 8 ची आणखी एक पट्टी टाकणं चांगलं, कारण दोन पट्ट्या मिळून माहितीची ने-आण जास्त वेगाने करतात आणि त्याचा ग्राफिक्सला फायदा होतो. मात्र डीडीआर4 च्या खाचेत डीडीआर5 बसत नाही, उलटही नाही. आणि एक सावधगिरी. 2025 च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवलीय, की सुट्या रॅमचे भाव झपाट्याने चढलेत. म्हणून 'नंतर स्वस्तात टाकू' असं गृहीत धरू नका. 16 जीबी असलेलं मॉडेल आणि 8 जीबी अधिक सुटी पट्टी, यांची बेरीज त्या दिवशीच्या भावाने करून बघा.

स्क्रीनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगावंसं वाटतं, कारण चार वर्षं डोळे तिच्यावरच राहणार आहेत. पत्रकात '250 निट्स' आणि '45 टक्के एनटीएससी' असं लिहिलं असेल तर ती स्वस्तातली स्क्रीन समजा. पहिला आकडा उजेडाचा आहे, दुसरा रंगांचा. अशा स्क्रीनवर कुंकवाचा लाल विटकरी दिसतो आणि उघड्या दाराशी बसलं की अक्षरं पुसट होतात. 300 निट्स आणि '100 टक्के एसआरजीबी' मिळत असेल, तर दोनेक हजार जास्त द्यायला मागेपुढे पाहू नका. 'फुल एचडी आहे' एवढ्याने समाधान मानू नका. तो नुसता ठिपक्यांचा हिशेब आहे, रंगांचा नाही.

घरी आणल्यावर 512 जीबीच्या एसएसडीवर 476 च्या आसपास आकडा दिसेल. तेव्हा दुकानात भांडायला जाऊ नका. कंपनी 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते, विंडोज 1024 ला 1024 ने दोनदा गुणून धरतं. बाइट तेवढेच आहेत, मोजण्याचं माप निराळं.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा आग्रह मुलं धरतात. कॉम्प्युटर शाखेच्या पहिल्या दोन वर्षांचं सी, पायथन, डेटाबेस हे काम त्याच्याविना आरामात होतं. असे लॅपटॉप दोन किलोंच्या पुढे जातात, चार्जर वेगळा जड, आणि बॅटरी लवकर बसते. आजूबाजूच्या गावांतून एसटीने उभं राहून येणाऱ्या मुलांना विचारा, पाठीवरच्या अर्ध्या किलोची किंमत ते सांगतील. मेकॅनिकलची गोष्ट वेगळी. सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअरं कार्डाचा उपयोग करतात, आणि ती विंडोजवरच चालतात, म्हणून त्या शाखेच्या मुलाने मॅकबुक घेण्याआधी विभागात विचारून घ्यावं. मॅकबुकमध्ये रॅम पुढे वाढवताच येत नाही, हेही लक्षात असू द्या.

बॅटरी 'इतके तास' या जाहिरातीवर न जाता वॉट-अवरवर मोजा. 42 वॉट-अवरची बॅटरी असेल आणि काम करताना लॅपटॉप 7 वॉट खात असेल, तर सहा तास. 'पहिल्यांदा आठ तास चार्ज करा' आणि 'पूर्ण उतरवूनच पुन्हा लावा' हे जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचे नियम होते. लिथियमच्या बॅटरीला ते लागू नाहीत. उलट लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच राहणार असेल, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती चालू करा.

विजेचा विषय निघालाच आहे, तर आपल्या भागातून वारंवार येणाऱ्या दोन शंका इथेच मिटवतो. व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून लॅपटॉपला स्टॅबिलायझर लागत नाही. चार्जरवर 'इनपुट 100–240 व्होल्ट' असं छापलेलं असतं, म्हणजे मधलं काहीही तो सांभाळून घेतो. विजांचा कडकडाट मात्र तो सांभाळत नाही. वळीव सुरू झाला की पिन काढून ठेवा.

दुसरी शंका धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्यांची. लॅपटॉप बिघडला म्हणून लोक तो परत घेऊन जातात. दुकानात त्याच लॅपटॉपला काहीही होत नाही, आणि घरी आणला की पुन्हा मुंग्या. दोष बहुतेक वेळा घराच्या वायरिंगमध्ये असतो. चार्जरच्या आत विजेचा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून अगदी थोडा प्रवाह बाहेरच्या धातूपर्यंत येतो आणि तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल, किंवा तिसरी पिन टाळून दोन पिनांचं कनव्हर्टर लावलं असेल, तर त्याला वाट मिळत नाही. मग तो आपल्या हातातून जातो. हा प्रवाह फार थोडा असतो, पण अर्थिंग नसलेल्या घरात फ्रिज आणि मोटारही तशाच चालत असतात, आणि तो धोका थोडा नाही. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. मुंग्या थांबतीलच, शिवाय घरही सुरक्षित होईल.

विंडोजविना मिळणारा लॅपटॉप स्वस्त पडतो, आणि त्यात 'आम्ही विंडोज टाकून देतो' असं सांगितलं जातं. असं फुकटातलं विंडोज बहुधा चोरीचं असतं, आणि त्याच्याबरोबर काय शिरेल ते सांगता येत नाही. फुकटच हवं असेल तर उबंटू आणि लिब्रेऑफिस हा सरळ मार्ग आहे. कॉम्प्युटरच्या मुलीला तो उपयोगीही पडेल. कचेऱ्यांतून निघालेले जुने लॅपटॉप घेणाऱ्यांनी एवढं बघावं, की इंटेलची चिप आठव्या पिढीची किंवा त्यापुढची आहे ना. त्याआधीच्या चिपांना विंडोज 11 चा अधिकृत आधार नाही, आणि विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

बिनपैशाचं एक कस्टमायझेशनही सांगून ठेवतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये जाऊन मराठी भाषा जोडा आणि 'मराठी फोनेटिक' हा कीबोर्ड निवडा. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटतं. ते युनिकोड असल्यामुळे ईमेलला, फोनला, सरकारी अर्जाला तसंच चालतं. वेगळा फॉन्ट विकत घ्यायला नको.

तुमच्यापुरतं सांगायचं, तर 7530यू चा लॅपटॉप घ्या, पण 'फॉर्म फॅक्टर' ची ओळ वाचून. त्यात 'रो ऑफ चिप्स' दिसलं आणि मोकळी खाचही नसली, तर बारा हजार जास्त देऊनही 8 जीबीतच अडकाल. तेव्हा 16 जीबीचं दुसरं मॉडेल मागा. विक्रेत्याकडून रॅम टाकून घेतलीत, तर ती तुमच्यासमोर बसवायला सांगा. मूळ पट्टी काढली असेल तर ती मागून घ्या. नव्या पट्टीचं बिल तिच्या कंपनीच्या नावासह वेगळं घ्या, कारण तिची वॉरंटी वेगळी असते. झाकण उघडल्याने लॅपटॉपच्या वॉरंटीला बाधा येते का, हे कंपनीच्या अटींत वाचा. लॅपटॉपच्या बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक आणि सीरियल नंबर हवाच. नुसतं 'रायझन 5 लॅपटॉप – 1' असं बिल घेऊन निघू नका.

ऑनलाइन घ्या, सांगलीत घ्या की पुण्यात, बिल जपून ठेवा. अडचण आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्याने भागलं नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे वस्तू पुण्याहून घेतली असली, तरी आष्ट्याच्या ग्राहकाची तक्रार सांगलीलाच दाखल होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क पडत नाही.